हवा गाडीतच हवी

यंदाच्या लग्नसराईत ओतूरजवळच्या एका मंगल कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या थार मी मोजल्या. सात होत्या. सातही गाड्यांच्या टपावर दिव्यांच्या पट्ट्या, चौघींना रुंद टायर, तिघींच्या पुढच्या बंपरवर विंच. मालक ओळखीचे होते, म्हणून एकेकाला विचारलं, "दादा, हवा भरायचा पंप आहे का गाडीत?" सातांपैकी एकाकडे होता. तोही घरी, खोक्यात.

ज्यांनी टायर आणि दिव्यांवर लाखाच्या आसपास रुपये घातले, त्यांना पंप सुचला नाही. हवा करायला पैसे आहेत, हवा भरायला नाहीत. मला हे अजिबात पटत नाही, आणि या आठवड्याची सगळी जागा मी त्यालाच देणार आहे.

आधी आपला मुलूख बघा. ओतूर सोडून कल्याणच्या बाजूला निघालं की उदापूर, डिंगोरे, मढ, खुबी फाटा आणि मग माळशेज घाट. उत्तरेच्या डोंगरात शिरलं तर कोपरे, मांडवे, जांभुळशी, मुथाळणे. जुन्नरकडून पश्चिमेला चढलं तर घाटघर, अंजनावळे, दुर्गवाडी, हातवीज. आंबेगावात उतरलं तर डिंभ्याच्या पाण्याला वळसा घालून आहुपे. या वाटांवर डांबर आहे तिथं खड्डे आहेत, आणि डांबर संपतं तिथं काळा खडक दात काढून बसलेला आहे. घाटाकडं जाल तशा पंक्चरच्या टपऱ्या विरळ होत जातात. रात्री ज्या आहेत त्याही बंद असतात. टपरीवाला माणूसच आहे, त्यालाही झोप लागते.

आमच्या मळ्याशेजारचा एक पोरगा पिकअप चालवतो. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो भरून रात्री निघायचं आणि पहाटे कल्याण गाठायचं, हा त्याचा धंदा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रात्री साडेदहाच्या सुमाराला त्याचा मागचा टायर बसला. दोन्ही बाजूंना ऊस. त्यानं जॅक लावला, टामी फिरवली, चाक काढलं आणि स्टेपनी खाली घेतली, तर तीही अर्धी बसलेली. कधी उतरवून बघितलीच नव्हती. मला फोन आला तेव्हा तो टपावर चढून बसला होता. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि उसाच्या कडेला रात्री वाकून बसलेल्या माणसाला तो माणूस समजेलच अशी खात्री कुणी देत नाही. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडात बिबटे जन्मतात, वाढतात, आणि माणसांवर हल्ले झालेली घरं आपल्या सगळ्यांच्या माहितीतली आहेत.

माझ्या जीपमध्ये पंप होता. मी पोचलो, त्याच्या स्टेपनीत हवा भरली, चाक चढवलं आणि तो गेला. पण मध्ये पावणेदोन तास गेले होते. कल्याणला माल उतरला तेव्हा भाव पडलेला होता. पहाटेच्या कोथिंबिरीला एक भाव आणि उन्हं आल्यावर दुसरा, हे आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. त्या रात्री त्याच्या गाडीत पंप असता तर तो वीस मिनिटांत मार्गाला लागला असता. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: गाडीतला पंप ही थारवाल्यांची चैन आहे, अशी समजूत असेल तर ती सोडा. त्याची सगळ्यांत जास्त गरज पिकअपवाल्याला आहे.

आता खडकावरची गोष्ट, कारण थारवाल्यांनाही सोडायचं नाही.

टायरमध्ये डांबरी रस्त्यासाठी 30 ते 35 पीएसआय दाब ठेवतात. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो वाचा. त्याच दाबावर गाडी खडकाळ चढावर घातली की टायर दगडावर चेंडूसारखा उडतो, जमिनीला टेकतो तेवढा भाग हाताच्या पंजाइतका राहतो आणि चाक जागेवर फिरतं. दाब 18 ते 20 वर आणला की टायर मऊ होतो, दगडाला मिठी मारतो, टेकणारा पट्टा लांब होतो आणि गाडी सरळ वर चढते. चिखलातही पुष्कळदा तसंच. जाणकार चालक वाट बिघडायच्या आधी उतरून चारही चाकांची हवा सोडतो, त्याचं कारण हे. पंधराच्या खाली मात्र जाऊ नये. आडव्या उतारावर टायरची कड रिमवरून सुटते, आणि मग ते चाक तिथंच बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

हवा सोडणं फुकट आहे. व्हॉल्व्हची पिन दाबली की झालं. खरा प्रश्न परत येताना. खडक संपला, डांबर आलं, आणि टायरमध्ये 18 पीएसआय. अशा वेळी मी काय बघतो? लोक तसेच निघतात. "पुढं पंपावर भरू." खाली हायवेला लागले की काटा ऐंशीवर. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला चेपते आणि सुटते, चेपते आणि सुटते. त्यानं रबर आतून तापतं, आतले थर सुटे होतात आणि टायर फाटतो. तो त्याच दिवशी फाटेल असं नाही. महिन्यानं, पुणे-नाशिक रस्त्यावर, घरची सगळी माणसं गाडीत असताना फाटेल, आणि तेव्हा कुणाला नाणेघाटात सोडलेल्या हवेची आठवणही होणार नाही. ज्याच्याकडं हवा भरायची सोय नाही, त्यानं हवा सोडू नये. यात मी कुणालाही सवलत द्यायला तयार नाही.

चाकांवर हवा घेऊन फिरणं आपल्या भागाला नवं नाही. आपल्या विहिरी कुणी खोदल्या? ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर बांधावरून आत यायचा, ट्रॅक्टरच्याच इंजिनावर हवा भरायचा, लांब नळ्या विहिरीत सोडल्या जायच्या आणि खाली दोन गडी ड्रिल मशीन धरून काळ्या पाषाणात सुरुंगाची भोकं पाडायचे. लहानपणी तो आवाज आमच्या अंगवळणी पडला होता. नंतर बोअरच्या गाड्या आल्या, तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या. त्यांच्यावरच्या कॉम्प्रेसरचा गोंगाट रात्रभर चालायचा आणि सकाळी मळ्यात पांढरा चिखल झालेला असायचा. जुन्नरच्या या कातळाखालचं पाणी हवेच्या जोरावरच वर आलेलं आहे.

आणि एसटी. 1948 च्या 1 जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली, तिचं कौतुक आपण दर वर्षी करतो. आजची एसटी थांबते ती हवेवर. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्या भरतो, आणि त्या हवेनं ब्रेक चालतात. सकाळच्या पहिल्या गाडीचा चालक इंजिन सुरू करून थोडा वेळ नुसता बसून राहतो, तेव्हा मागून एखादा ओरडतो, "ओ मास्तर, काढा की गाडी!" मास्तर काट्याकडं बघत असतात. टाकीत पुरेशी हवा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांना शिकवलेलं असतं. ट्रकवाले तर ब्रेकच्याच हवेतून नळी काढून टायर भरतात, आणि त्याच नळीनं केबिनमधली धूळ उडवतात. आपल्या तरुण पोरांनी ट्रकच्या अड्ड्यावर अर्धा तास घालवला, तर त्यांना मोबाइलवरच्या दहा तासांपेक्षा जास्त कळेल.

बाहेरच्या जगातही हे नवं नाही. अमेरिकेनं 1942 साली एक ट्रक बनवला, जमिनीवर चालणारा आणि पाण्यात तरंगणारा. डीयूकेडब्ल्यू असं त्याचं नाव. समुद्रातून बाहेर पडून वाळूवर चढायचं तर टायर मऊ पाहिजे आणि पुढं रस्त्यावर लागायचं तर कडक. म्हणून चालकाला जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय त्यात केली. ऐंशी वर्षं उलटून गेली. ज्या जिल्ह्यात 1958 साली सुरू झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कॉम्प्रेसर बनवते आणि दापोडीत अ‍ॅटलास कॉप्कोचं नाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं आहे, त्या पुणे जिल्ह्यातला माणूस घाटात टायर बसल्यावर लिफ्ट मागत उभा राहतो. मला याचा राग येतो.

तर पंप बसवायचा. कसा?

सगळ्यांत साधा पंप म्हणजे सिगारेट लायटरच्या भोकात पिन घालून चालणारा. स्टेपनीत हवा भरायला आणि हळूहळू बसणाऱ्या टायरला घरापर्यंत आणायला तो पुरतो. बऱ्याच गाड्यांमध्ये त्या सॉकेटवर 120 वॉट असं छापलेलं असतं. 12 व्होल्टवर हे 10 अँपिअर झाले. म्हणजे पंपाच्या खोक्यावर 15 किंवा 20 अँपिअर लिहिलं असेल तर तो त्या भोकात घालायचा नाही, त्याला बॅटरीचे चिमटे लागतात. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला कारपेक्षा खूप जास्त दाब लागतो. तिथं हा छोटा पंप दमतो, तापतो आणि बंद पडतो. पिकअपवाल्यानं घेताना दुकानात आपल्या टायरचा आकडा सांगूनच घ्यावा.

कायमचा बसवायचा पंप वेगळा. तो पुष्कळदा 30 अँपिअरच्या आसपास ओढतो आणि जोड सिलिंडरचा असेल तर 50 च्या पुढं जातो. इथं आपली माणसं खरा घोळ घालतात. चार वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये जीप दिली. संध्याकाळी आणायला गेलो. पंप बसला होता, चालत होता, मिस्त्री खूश होता. बॉनेट उघडून बघितलं तर बॅटरीपासून पंपापर्यंत घरात पंख्याला वापरतात तसली वायर ओढलेली, मध्ये फ्यूज नाही, आणि वायर पत्र्याच्या भोकातून तशीच उघडी पलीकडं नेलेली.

"मामा, फ्यूज कुठंय?"

"कशाला फ्यूज, शेठ? फ्यूज उडाला तर रात्री रस्त्यात पंप बंद पडंल."

तो माणूस लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून, पंप बॅटरीपासून चार मीटरवर असताना, जाऊन-येऊन आठ मीटरमध्ये 50 अँपिअर वाहिले तर जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच जिरतात. बारातले तीन. पंपाला नऊच मिळतात, म्हणून तो कण्हत चालतो. आणि ते तीन व्होल्ट जातात कुठं? दीडशे वॉटची उष्णता होऊन वायरीतच राहतात. प्लॅस्टिक मऊ होतं, पत्र्याच्या धारेवर घासतं, आतलं तांबं चासीला टेकतं. फ्यूज नसेल तर त्या क्षणी बॅटरीतला सगळा जोर त्या एका बिंदूवर येतो. शेजारी डिझेलची नळी असते. फ्यूज पंप वाचवायला नसतो, गाडी आणि आतली माणसं वाचवायला असतो.

तेव्हा वायर 16 चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत. जिथं फ्यूज आहे तिथपासून पुढंच संरक्षण मिळतं, मागच्या वायरीला नाही, म्हणून तो बॅटरीला चिकटूनच पाहिजे. फ्यूजचा आकडा पंपाच्या ओढीपेक्षा थोडा जास्त आणि वायरीच्या ताकदीपेक्षा कमी. डॅशबोर्डवरच्या बटणातून हा करंट न्यायचा नाही. बटण फक्त रिलेला चालवेल आणि रिले पंपाला. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. वायरीच्या टोकाला थिंबल, पक्कड मारून दाबलेलं, नुसतं पिळून टेप गुंडाळलेलं नको. कंपनीची वायरिंग कुठंही कापायची नाही. ती कापली तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो, आणि तो वाद तुम्ही हरता. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवायचं, नाहीतर टायर भरतील आणि गाडी सुरू होणार नाही.

जागा कुठली? बॉनेटखाली सोपी, पण तिथं उष्णता. सीटखाली किंवा मागच्या बाजूला बरी, पण वायर लांब होते आणि आवाज आत येतो. माझं मत विचाराल तर बॉनेटखाली जागा असेल तर इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून लांब, उंचावर, रबरी बुशांवर बसवा. चाकाच्या कमानीत अजिबात नको, तिथं चिखल येतो. आणि पंपाची हवा ओढायची जाळी सगळ्यांत उंच ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओढ्यांचं पाणी बघता बघता चढतं, आणि पंपानं पाणी ओढलं की पिस्टनचा दांडा वाकतो.

सिलिंडरच्या तोंडापासून पहिल्या हातभर अंतरात स्टीलच्या जाळीची नळी लागते. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचा बुडखा हाताला चटका देतो तशी, आणि हिचा ताप त्याच्या कितीतरी पट. तिथं साधी प्लॅस्टिकची नळी घातली तर ती फुगून सुटते. पुढं मात्र ट्रकच्या एअर ब्रेकला वापरतात ती नायलॉनची नळी चालते. ती आळेफाट्यासारख्या ट्रकच्या रहदारीच्या ठिकाणी स्पेअर पार्टच्या दुकानात मागा.

आता टाकी. टाकीचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती दिसते. पण हिशोब करा. रुंद टायरमध्ये साधारण साठेक लिटरची पोकळी असते. 18 वरून 32 पीएसआयवर न्यायचं म्हणजे चौदा पीएसआय वाढवायचे, म्हणजे जवळजवळ एक वातावरण. त्यासाठी एका टायरला बाहेरची सुमारे 58 लिटर हवा आत कोंबावी लागते. चार टायरला सव्वादोनशे लिटरच्या वर. आता चार लिटरची टाकी घ्या आणि 145 पीएसआयपर्यंत भरा. तिच्यातून टायरमध्ये जाऊ शकणारी हवा तीस लिटरच्या आसपास. अर्धा टायर! टाकीवर खर्च करून छोटा पंप घेतला तर उरलेले साडेतीन टायर तोच छोटा पंप धापा टाकत भरणार. पैसे पंपात घाला. टाकी उपयोगी पडते ती टायरची कड रिमवर बसवताना एकदम झोत हवा असतो तेव्हा, किंवा बाहेरून आणलेला हवेवर चालणारा डिफरन्शियल लॉक असेल तेव्हा. फोर्स गुरखाचे लॉक हातानं ओढायच्या दांड्याचे आहेत, काही थारमधला आपोआप लागणारा यांत्रिक. त्यांना हवा लागत नाही.

टाकी घेतलीच तर तीन गोष्टी सोडू नका. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की पंप बंद करणारा प्रेशर स्विच. तो बिघडला तर हवा बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि टाकीच्या तळाशी पाणी काढायचा कॉक. मिस्त्री पहिल्या दोन गोष्टी घालतो आणि तिसरी विसरतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की दाबलेल्या हवेतून पाणी सुटून टाकीत साठतं. माळशेजच्या धुक्यात तर विचारूच नका. पाणी साठलं की पत्रा आतून गंजतो, आणि आतून गंजलेली टाकी बाहेरून नवी दिसते. दाब धरलेली गंजकी टाकी सीटखाली घेऊन पोराबाळांना फिरवायचं नसतं. पावसाळ्यात दर आठवड्याला कॉक उघडा.

जुन्या जीपवाल्यांचा एक जुगाड आहे, आणि त्याला मी मान देतो. भंगारातला एसीचा कॉम्प्रेसर आणायचा, इंजिनाच्या पट्ट्यावर चढवायचा आणि गॅसऐवजी हवा दाबायला लावायची. वीज फारशी लागत नाही आणि हवा भरभरून मिळते. पण एसीच्या गॅसबरोबर तेल फिरत असतं, त्यावरच तो कॉम्प्रेसर जगतो. नुसती हवा ओढली की तो कोरडा पडून जाम होतो. मग लोक हवेच्या नळीत तेलाचे थेंब सोडतात, आणि ते तेल टाकीतून थेट टायरमध्ये जातं, रबर खातं. मध्ये तेल-पाणी अडवणारा फिल्टर घातला तर हा जुगाड वर्षानुवर्षं चालतो. न घातला तर करू नका.

इथं एक जुनी चीड बाहेर काढतो. गाडीत हवा आली की पहिली इच्छा होते प्रेशर हॉर्नची. बहुसुरी, कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या 119 व्या नियमानं मना आहेत. नियम जाऊ दे. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत बायका, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेऊन मांडवीच्या काठानं चाललेली असतात, आणि मागून एखादा तो भोंगा वाजवतो. म्हातारी दचकून पडते. पंप घेतलात म्हणून तुम्हाला कुणाच्या कानात हवा मारायचा हक्क मिळत नाही. तसाच, टायर मऊ केले म्हणून दुर्गवाडीच्या सड्यावर फुलांमधून गाडी फिरवायचाही हक्क मिळत नाही. वाट आहे तेवढ्यावरच चाक. माणसाच्या शेतात, गवताच्या कुरणात, देवराईत चाक नाही.

आता स्टेपनीबद्दलचा एक बदल नीट समजून घ्या. 2020 साली केंद्रानं नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. शहरातल्या माणसाला ते सोयीचं. पण दगडानं टायरची बाजूची भिंत चिरली तर त्या संचातला चिकट द्रव आणि पट्टी काही करू शकत नाही. आपल्या वाटांवर भिंतच चिरते. घाटमाथ्याला राहणाऱ्या माणसानं गाडी घेताना स्टेपनी आहे का, हे मायलेजच्या आधी विचारावं. स्टेपनी, पंप, गेज आणि पट्ट्यांचा संच, हे चारही पाहिजेत. गेज वेगळं घ्या, पंपावरचा काटा पुष्कळदा खोटं बोलतो.

जुन्नर 2018 साली राज्यातला पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला. त्यानंतर शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं खिरेश्वर, सगळीकडं गाड्यांची रीघ लागते. मग ग्रामपंचायतींना माझी मागणी आहे. जिथं वाहनतळाचे पैसे घेता तिथं हवेचा एक पंप आणि एक गेज ठेवा, टायर भरून द्यायचे दहा-वीस रुपये खुशाल घ्या. गावातल्या एका पोराला शनिवार-रविवारचं काम मिळेल, आणि खडकावरून उतरलेली गाडी मऊ टायरनं हायवेला लागणार नाही. बाजार समितीला दुसरी मागणी. ओतूरच्या उपबाजारात कांद्याच्या शेकडो पिशव्या घेऊन गाड्या उभ्या राहतात. फाटकाजवळ दाब तपासायची सोय केली तर कितीतरी टायर रस्त्यावर फुटायच्या आधी हाती लागतील. आणि पिकअपवाल्यांनी पाच-सहा जणांत मिळून एक चांगला पंप घ्यावा. रात्री तुम्ही एकाच वाटेनं पाठोपाठ जाताच.

त्या मंगल कार्यालयाबाहेरच्या सातांपैकी दोघांनी गेल्या आठवड्यात पंप बसवले. एकानं मला बॉनेट उघडून दाखवलं. वायर जाड होती, रिले होता, बॅटरीपासून एका वितीवर फ्यूज होता. पोरगा म्हणाला, "तात्या, तुम्ही ओरडलात म्हणून." मी त्याला स्टेपनीचं विचारलं. बघितली नव्हती. आम्ही तिथंच खाली काढून मोजली, 11 पीएसआय निघाली.

तुमचीही काढा. या रविवारी, सकाळी टायर थंड असताना, पाचही चाकं मोजा. आणि पिकअप चालवणारा कुणी घरात असेल, तर रात्रीची गाडी भरायच्या आधी त्याची मोजा.